बडोद्यातील एका स्पोर्ट्स कारचे विद्युत दोष : प्रकल्प नोंदी

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

गाडी माझ्या आतेभावाची, म्हणजे आमच्या दादाची आहे. २००६ ची बनावट, दोन आसने, कापडी टप आणि आसनांच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे इंजिन, अशी ही जर्मन स्पोर्ट्स कार असून दादा तिचा तिसरा मालक आहे. या धर्तीची कोणतीही गाडी बाळगणाऱ्याला या नोंदी उपयोगी पडाव्यात, या हेतूने त्या लिहीत असल्यामुळे कंपनीचे नाव देत नाही. मी एका कारखान्यात उपकरण विभागात काम करतो; मीटर हाताळण्याची सवय आहे, परंतु इतके नियंत्रक, म्हणजे गाडीतले छोटे संगणक, असलेली गाडी आजवर उघडलेली नव्हती.

ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला तेव्हा ही गाडी कारेलीबागेतील सोसायटीच्या आवारात उभी होती. पाणी टायरच्या निम्म्यापर्यंत चढले, दाराच्या उंबऱ्याला मात्र लागले नाही, असे दादा आणि शेजारी दोघेही सांगतात. त्यानंतर तीन आठवडे गाडीला कोणी हात लावला नाही. मागच्या रविवारी दादाने किल्ली फिरवली तेव्हा डॅशबोर्डवर एकामागून एक पाच इशारे आले : एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी व्यवस्था) बंद, स्थैर्य नियंत्रण (गाडी घसरू न देणारी व्यवस्था) बंद, ब्रेकच्या तेलाची पातळी तपासा, टप पूर्ण बंद नाही आणि बॅटरी चार्ज होत नाही. इंजिन एकदा कण्हून थांबले. दुसऱ्या दिवशी दारही रिमोटने उघडेना.

पुराचे पाणी वायरिंगमध्ये शिरले आहे आणि आता दुरुस्ती परवडणार नाही, असे ज्याने त्याने सांगितले. दादाने गाडी विकायचे मनावर घेतले होते. मी दोन महिने मागून घेतले.

२८ सप्टेंबर, शनिवार

संपूर्ण सकाळ केवळ बॅटरीपर्यंत पोहोचण्यात गेली. या गाडीची बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि त्या डिकीचे कुलूप विजेवर चालते, म्हणजे बॅटरी पूर्ण उतरली की बॅटरीपर्यंत जायचा रस्ताच बंद होतो. मी काहीही न वाचता पुढच्या बंपरच्या फटीतून तार घालून खटका ओढण्याचा प्रयत्न केला. त्यात दोन तास गेले आणि रंगावर बोटभर लांबीचा ओरखडा उमटला.

नंतर मालकाची पुस्तिका नीट वाचली. चालकाच्या पायापाशी फ्यूजपेटी आहे आणि तिच्यात बाहेर ओढता येणारा एक धन टोकाचा खांब दिलेला आहे. त्याला दुसऱ्या बॅटरीचे धन टोक आणि दाराच्या चौकटीवरील धातूच्या अडकणाला ऋण टोक जोडले, की कुलपापुरती वीज मिळते आणि डिकी उघडता येते. वीज मिळताच गाडीचा भोंगा वाजू लागतो, म्हणून शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे. या खांबावरून इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न मात्र करू नये, कारण तिथली तार तेवढा प्रवाह सोसण्याजोगी जाड नसते.

बॅटरीवर ७.४ व्होल्ट होते. पूर्ण चार्ज असलेली, काही तास स्वस्थ ठेवलेली बॅटरी साधारण १२.६ ते १२.८ दाखवते आणि १२ च्या खाली गेली की ती जवळपास रिकामी समजावी. ७.४ ला काही अर्थच उरत नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

घरचा स्वयंचलित चार्जर इतक्या उतरलेल्या बॅटरीला ओळखतच नाही. दुसऱ्या चांगल्या बॅटरीशी समांतर जोडून वीस मिनिटे फसवले, तेव्हा त्याने चार्जिंग सुरू केले. रात्रभर चार्ज करूनही सकाळी १२.१ च राहिले आणि प्रतापनगरच्या बाजूला जुने दुकान असलेल्या वायरमनकाकांनी भार देऊन तपासताच ते ८ वर कोसळले. नवी ७० अँपिअर-तासांची एजीएम (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेली) बॅटरी घेतली : १५,८०० रुपये. चार्जर बदलावा लागला, २,९०० रुपये, कारण जुन्यात एजीएमसाठी वेगळी व्यवस्था नव्हती.

६ ऑक्टोबर, रविवार

नवी बॅटरी बसवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. चालू इंजिनावर बॅटरीच्या टोकांना १४.१ व्होल्ट मिळाले, त्यामुळे अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) चांगला आहे हे नक्की झाले. पाचही इशारे मात्र होतेच, वर सहावा एक आला, स्टिअरिंगच्या कोनाचा. हा सहावा घाबरण्याजोगा नव्हता. बॅटरी काढली की स्टिअरिंगचा कोन मोजणारा संवेदक (सेन्सर) आपला मध्य विसरतो. चाक एकदा पूर्ण डावीकडे आणि एकदा पूर्ण उजवीकडे फिरवून गाडी थोडी सरळ चालवली, तेव्हा तो गेला.

बाजारात मिळणारे छोटे ब्लूटूथ यंत्र १,४०० रुपयांना घेतले होते. ते इंजिनाच्या नियंत्रकात साठलेले दोषांचे कोड वाचते, एबीएस व एअरबॅगच्या नियंत्रकांपर्यंत पोहोचत नाही. विकत घेण्याआधी हे विचारायला हवे होते. इंजिनात दोन कोड साठलेले होते. पी ०५६२, म्हणजे प्रणालीचा व्होल्टेज कमी, आणि यू ०१२१, म्हणजे एबीएसच्या नियंत्रकाशी संपर्क तुटला. दोन्ही पुसले आणि पुन्हा गाडी चालवली. एकही परत आला नाही. मरणाऱ्या बॅटरीवर नियंत्रक एकेक करून झोपतात आणि जागे असलेले उरलेल्यांच्या नावाने तक्रार लिहून ठेवतात. त्यामुळे पूर्ण चार्ज बॅटरीवर सगळे कोड एकदा पुसून जे परत येतात तेवढ्यांचाच विचार करावा. ही गोष्ट मी त्या दिवशी वहीत लिहिली आणि दोनच आठवड्यांनी विसरलो.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सकाळी हत्यारांची पूजा केली, त्यात मीटर आणि पकडी यांच्याबरोबर गाडीची किल्लीही ठेवली. नंतर बॅटरी मोजली तर ११.९६ व्होल्ट. गाडी ७ तारखेला अर्धा तास चालवली होती आणि नंतर पाच दिवस उभी होती. पाच दिवसांत नवी बॅटरी एवढी उतरली याचा अर्थ बंद गाडीतही काहीतरी जागे आहे.

मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून बॅटरीच्या ऋण टोकाशी ओळीने जोडला. तेवढ्यात दादाच्या मुलाने हौसेने किल्ली फिरवली आणि मीटरचा आतला फ्यूज उडाला. तसा फ्यूज सणाच्या दिवशी कुठे मिळणार? काम तिथेच थांबले.

१३ ऑक्टोबर, रविवार

या मोजमापाविषयी सविस्तर लिहितो, कारण बहुतेक जण इथेच चुकतात.

गाडी बंद केली तरी तिचे नियंत्रक लगेच झोपत नाहीत. या गाडीला सुमारे अर्धा तास लागतो. दार उघडे ठेवून काम करायचे असेल तर दाराचा खटका पेचकसाने बंद स्थितीत ढकलावा, म्हणजे गाडीला दार लागले असे वाटते. पुढच्या डिकीच्या खटक्याचेही तेच. किल्ली गाडीपासून लांब ठेवावी. हे सगळे करून चाळीस मिनिटे थांबल्यावर मीटरवर ०.४३ अँपिअर दिसले. साधारणपणे ०.०५ च्या आत असायला हवे. ०.४३ म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-तासांहून थोडे अधिक, आणि ७० ची बॅटरी आठवड्याच्या आत रिकामी.

यानंतर एकेक फ्यूज काढून बघण्याची पद्धत सर्रास वापरतात. ती या गाडीत चालत नाही, कारण फ्यूज काढून परत घातला की तो नियंत्रक जागा होतो आणि पुन्हा अर्धा तास थांबावे लागते. त्याऐवजी फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या बिंदूंवर मिलिव्होल्ट मोजावेत. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजचा रोध सात-आठ मिलिओहम असतो, त्यामुळे चारशे मिलिअँपिअर वाहत असतील तर सुमारे तीन मिलिव्होल्ट दिसतात. ज्यातून काहीच वाहत नाही तिथे शून्य. मीटरला मिलिव्होल्टचा दहावा भाग दाखवता आला पाहिजे. चाळीस फ्यूज वीस मिनिटांत मोजून झाले आणि फक्त एकावर २.९ आले : मध्यवर्ती लॉकिंग आणि चोरभोंगा यांचा नियंत्रक. वायरिंगच्या आकृतीप्रमाणे तो डाव्या आसनाखाली आहे.

तेव्हाच आसन काढायला हवे होते. परंतु आसनाचे बोल्ट बाहेरून दातेरी असून तसा पाना माझ्याकडे नव्हता. रोज रात्री तो एक फ्यूज काढून ठेवण्याची तात्पुरती सोय करून मी एबीएसकडे वळलो. या निर्णयाने चार आठवडे घालवले.

२० ऑक्टोबर, रविवार

सर्वांत महाग पडलेली चूक आजची आहे.

मोठे स्कॅनर असलेल्या एका गॅरेजात १,५०० रुपये देऊन एबीएसचा नियंत्रक वाचून घेतला. एकच कोड होता : डाव्या मागच्या चाकाच्या वेगाचा संकेत नाही. घरी येऊन मी त्या चाकाच्या संवेदकाचा रोध मोजला, तो अनंत आला. पडताळा म्हणून उजव्या मागच्याचा मोजला, तोही अनंत. मग पुढचे दोन्ही, तेही तसेच. चारही संवेदक एकदम जाणार नाहीत, तेव्हा नियंत्रकच गेला असावा, असा मी निष्कर्ष काढला आणि एका विक्रेत्याकडून जुन्या गाडीतून काढलेला नियंत्रक १८,५०० रुपयांना मागवला.

निष्कर्ष चुकण्याचे कारण असे. जुन्या पद्धतीच्या संवेदकात नुसती तारेची गुंडाळी असे आणि तिचा रोध हजार-दीड हजार ओहमच्या आसपास मिळे. माझे ज्ञान तेवढेच होते. या गाडीतले संवेदक सक्रिय प्रकारचे आहेत. त्यांच्या आत इलेक्ट्रॉनिक चिप असते, त्यांना नियंत्रकाकडून वीज लागते, आणि चाक फिरते तसा त्यांचा प्रवाह ७ आणि १४ मिलिअँपिअर यांच्यामध्ये उड्या मारतो. त्यांचा रोध मोजून काहीही कळत नाही. चांगल्या संवेदकावरही अनंत येऊ शकते.

याहून खेदाची बाब म्हणजे उत्तर माझ्या वहीतच होते. त्याच दुपारी मी बॅटरी सोडवून डायग्नोस्टिक सॉकेटच्या (जिथे कोड वाचणारे यंत्र जोडतात त्या खाचेच्या) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमधला रोध मोजला होता. नियंत्रकांना जोडणाऱ्या दोन तारांच्या सामाईक मार्गाच्या, म्हणजे कॅन बसच्या, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात, ते समांतर धरले की ६० येतात. १२० आले तर तार कुठेतरी तुटली आहे आणि शून्याच्या जवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत असे समजावे. सर्वच गाड्यांत सॉकेट थेट बसला जोडलेले नसते, आपली आकृती आधी पाहावी; आमच्या गाडीत ते जोडलेले आहे आणि ६०.४ आले होते. बस चांगली होती. यू ०१२१ पुसल्यावर परत आला नव्हता. नियंत्रक स्कॅनरशी बोलत होता आणि कोणते चाक दिसत नाही ते स्वतः सांगत होता. त्याला मृत ठरवण्यास कोणताही आधार नव्हता.

आलेल्या नियंत्रकाचा भाग क्रमांक शेवटच्या दोन अक्षरांत वेगळा निघाला. विक्रेत्याने परत घेतला नाही. तो अजून वाड्यातल्या माळ्यावर आहे.

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

दांडिया बाजारात आत्याकडे फराळाला सगळे जमले होते. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एसीचा पंखा मोठा केला ना, की टपाचा आणि बॅटरीचा दिवा लागतो. बारीक ठेवला तर अलकापुरीपर्यंत जाऊन आले तरी लागत नाही. हे तुम्हाला कोणी सांगितलं का?" कोणी सांगितले नव्हते, आणि मी विचारलेही नव्हते. गाडी महिनाभर त्या चालवत होत्या.

जेवण झाल्यावर खाली जाऊन पाहिले. पंखा चौथ्या पायरीवर केला की दहा सेकंदांत टप, बॅटरी आणि ब्रेकची पातळी असे तीन इशारे येतात. एबीएस आणि स्थैर्य नियंत्रण यांचे इशारे पंख्याची पर्वा न करता कायम राहतात. म्हणजे हे पाच इशारे एका जातीचे नाहीत. तीन येणारे-जाणारे आणि दोन कायमचे. ही विभागणी पहिल्या आठवड्यात केली असती तर पुढचे सगळे सरळ झाले असते.

पंखा सुमारे १८ अँपिअर ओढतो. एवढ्या प्रवाहाने ज्यांची डोकी फिरतात त्यांची अर्थिंग पंख्याच्या अर्थिंगशी एकाच ठिकाणी जोडलेली असली पाहिजे. आकृती उघडली. पंखा, डॅशबोर्डचा घटक, टपाचा नियंत्रक आणि मध्यवर्ती लॉकिंगचा नियंत्रक हे चौघे एकाच बोल्टवर अर्थ झालेले आहेत, आणि तो बोल्ट डाव्या उंबऱ्याशेजारी गालिच्याखाली आहे. म्हणजे पुन्हा डावे आसनच.

१० नोव्हेंबर, रविवार

दातेरी पान्याचा संच ६५० रुपयांना मिळाला. आसन काढताना झालेली चूक आधी लिहितो.

आसनाच्या तळाशी एअरबॅगची जोडणी असते, म्हणून नियमाप्रमाणे प्रथम बॅटरी सोडवली आणि दहा मिनिटे थांबलो. पुढचे दोन बोल्ट काढले, आसनाखालचा कनेक्टर सोडवला. मागचे दोन बोल्ट काढायला आसन पुढे सरकवायला हवे होते, आणि आसन विजेवर सरकते. मी बॅटरी परत जोडली, किल्लीही फिरवली आणि मग ध्यानात आले की कनेक्टर सुटलेला आहे. एअरबॅगचा लाल दिवा त्या क्षणी लागला आणि कनेक्टर जोडल्यावरही विझला नाही. हा कोड साध्या यंत्राने पुसला जात नाही. योग्य क्रम असा : आधी आसन पूर्ण मागे नेऊन पुढचे बोल्ट, मग पूर्ण पुढे नेऊन मागचे बोल्ट, मग बॅटरी सोडवायची, थांबायचे आणि अगदी शेवटी कनेक्टर. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरमध्ये मीटरची टोके कधीही घालू नयेत. मीटरचा अल्पसा प्रवाहही तिथे धोक्याचा असतो.

आसन निघाले. गालिचा वरून कोरडा होता, दाबल्यावर मात्र खालच्या फोममधून पाणी वर आले. स्पंजाने टिपून टिपून साडेतीन लिटर निघाले.

इथे मी बराच वेळ थांबून पाहत राहिलो. विश्वामित्रीच्या पुराचे पाणी ओसरल्यावर मागे काय ठेवते हे बडोद्यात कोणाला सांगावे लागत नाही. तो राखाडी, साबणासारखा बारीक गाळ अंगणातून काढायला दादाच्या सोसायटीला चार दिवस लागले होते. या फोममधून निघालेले पाणी चहाच्या रंगाचे होते, पण त्यात गाळाचा कण नव्हता. त्यात होती गुलमोहराची बारीक पाने, कुजलेली. पुराच्या पाण्याने गुलमोहराची पाने आणली असती तर गाळही आणला असता. पाणी खालून आलेच नव्हते, ते वरून आले होते.

गुलमोहर गाडीच्या नेहमीच्या जागेवर सावली धरून आहे. टप जिथे दुमडून बसतो तिथे दोन्ही कोपऱ्यांत पाणी वाहून जाण्याची छिद्रे असतात. दोन्ही पानांच्या लगद्याने बुजली होती. पावसाचे पाणी तिथे साठले, काठावरून आत उतरले आणि सर्वांत खोल जागी, म्हणजे नियंत्रकाच्या पेटीत आणि अर्थिंगच्या बोल्टाशी जाऊन थांबले. पूर आला नसता तरी हे झाले असते. पुरामुळे आम्ही सगळे चुकीच्या दिशेला पाहत राहिलो एवढेच.

बोल्टावर तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक होता आणि त्यावर आवळलेल्या, तारांच्या टोकांवरच्या चार धातूच्या टोप्यांपैकी दोन हाताने फिरत होत्या. सोडवण्याआधी बॅटरी जोडून, किल्लीला हात न लावता, पंख्याला बाहेरून वीज देऊन एक मोजमाप घेतले, कारण दोष आहे हे आकड्यात दिसले पाहिजे : बॅटरीचे ऋण टोक आणि बोल्टावरची टोपी यांच्यामध्ये ०.८६ व्होल्ट. शून्य असायला हवे, ०.१ पर्यंत चालते. १८ अँपिअरला ०.८६ म्हणजे त्या एका सांध्यात पंधरा वॉट जळत होते. बोल्ट हाताला गरम लागत होता.

टोप्या कापून नव्या दाबून बसवल्या, पत्रा सँडपेपरने चकचकीत केला, बोल्ट घट्ट आवळला आणि वरून ग्रीस लावले. ग्रीस आधी लावू नये, धातूला धातू भिडल्यावर लावावे. नवे मोजमाप ०.०३. खर्च १८० रुपये.

१७ नोव्हेंबर, रविवार

नियंत्रकाची पेटी उघडली. बोर्डाच्या एका कडेला पांढरा-हिरवा थर होता आणि एका रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) टोके खाल्ली गेली होती. नवी पेटी घेण्याचा सल्ला दोघांनी दिला. मी तो मानला नाही, कारण किल्ल्यांची ओळख याच पेटीत साठवलेली आहे आणि पेटी बदलली तर किल्ल्या नव्याने शिकवाव्या लागतात. मकरपुरा औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरांकडे तो नेला. त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने धुतला, रिले बदलला, दोन खाल्लेल्या रेषा बारीक तारेने जोडल्या आणि वर संरक्षक लेप दिला. २,५०० रुपये घेतले आणि चार दिवसांनी बोर्ड परत दिला.

मधल्या दिवसांत पाणी वाहणारी छिद्रे साफ केली. हवेचा दाब वापरू नये. आतली रबरी नळी निसटली तर ती परत बसवायला मागचा अर्धा भाग खोलावा लागतो. गवत कापण्याच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी हळूहळू फिरवत आत घातली. डाव्या बाजूने मूठभर लगदा निघाला. मग एक लिटर पाणी ओतले. ते मागच्या चाकापुढून वीस सेकंदांत बाहेर पडले. फोम पूर्ण वाळायला उन्हात नऊ दिवस लागले.

२४ नोव्हेंबर, रविवार

बोर्ड बसवला. चाळीस मिनिटे थांबून मोजले : ०.०२२ अँपिअर. पंखा चौथ्या पायरीवर ठेवून अर्धा तास गाडी चालवली. टप, बॅटरी आणि ब्रेक यांचे तिन्ही इशारे आले नाहीत. आसन बसवून एअरबॅगचा कोड गॅरेजात पुसून घेतला, आणखी १,५०० रुपये.

१ डिसेंबर, रविवार

उरलेले दोन कायमचे इशारे. या वेळी संवेदकाचा रोध मोजला नाही. मागची दोन्ही चाके उचलून, संवेदकाचा कनेक्टर सोडवून, किल्ली चालू स्थितीत ठेवून वायरिंगच्या बाजूला व्होल्टेज पाहिला. उजवीकडे ११.८, डावीकडे शून्य. म्हणजे संवेदकापर्यंत वीजच येत नव्हती आणि दोष मधल्या तारेत होता. तार हाताने चाचपत पुढे गेलो. चाकाच्या आतल्या प्लॅस्टिक आवरणामागे, इंजिनाच्या उबेजवळ, उंदराचे घर मिळाले : चिंध्या, कागद आणि भुईमुगाची टरफले. पुराच्या दिवसांत जमिनीवरून हुसकावलेल्या उंदराने तिथे आसरा घेतला असावा. दोन्ही तारा दातांनी कुरतडल्या होत्या, एक पूर्ण तुटली होती. एवढाच एक दोष पुराशी नाते सांगणारा निघाला.

चाकाजवळ सतत हादरे बसतात, तिथे झाळलेला सांधा कडक होऊन पुढे तुटतो, म्हणून सांधे झाळले नाहीत. दाबून बसवणारे जोड वापरले, दोन तारांचे जोड एकासमोर एक न ठेवता दोन बोटे मागेपुढे घेतले, मूळ तारांना जेवढे पीळ होते तेवढे परत दिले आणि आत गोंद असलेली आकुंचन नळी चढवली. साहित्याला २१० रुपये आणि कामाला अडीच तास लागले. गाडी सुरू करून वीस-पंचवीस मीटर नेली आणि दोन्ही इशारे विझले. दादा शेजारी बसला होता. तो काही बोलला नाही, फक्त डॅशबोर्डवरून हात फिरवला.

१५ डिसेंबर, रविवार

टपावर बागेच्या नळीने वीस मिनिटे पाणी सोडले, मग आसनाखाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवले. कागद कोरडा राहिला. गाडीची जागा बदलली आहे; गुलमोहराखाली आता दादाची स्कूटर असते.

१२ जानेवारी २०२५, रविवार

उत्तरायणाच्या तयारीत तीन आठवडे गाडीकडे कोणी फिरकले नाही, हे मी मुद्दाम होऊ दिले. आज सकाळी किल्ली लावण्याआधी बॅटरीवर १२.५८ व्होल्ट होते. एकही इशारा नाही. उजव्या बाजूचा आतला छोटा दिवा अजून लागत नाही, त्याच्या कनेक्टरची एक पिन सैल आहे. ती मागवली आहे, चाळीस रुपयांची. दिवसभर मांज्याच्या भीतीने टप उघडला नाही, संध्याकाळी वहिनींनी तो उघडून गाडी आजव्याच्या रस्त्याने नेली.